त्रेचाळीस दात, आठ दात

मंगळवारी सकाळी माझा नवरा गोठ्यात पडला. मी बारामतीला कॉलेजच्या ग्रंथालयात होते. फोन आला. मी घरी कळंबला पोचले तेव्हा तो गेला होता.

घरात माझे सासरे आणि मी राहिलो. सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात, मीही म्हणते. आणि शेडमध्ये त्याची जीप राहिली.

ही जीप म्हणजे त्याची एकुलती एक चैन. स्प्रिंगा बदलून त्याने ती वीतभर उचलली होती आणि तिला भलेमोठे टायर बसवले होते. दिसायला ती दांडगी, पण चढायला दमेकरी. घरामागे आमचा माळ आहे आणि माळावर डाळिंबाची बाग. तिकडे जाणारा मुरमाचा चढ जीपला कधी जमला नाही. निम्म्यात इंजिन गुदमरायचं, क्लच जळल्याचा वास सुटायचा आणि तो उलटा उलटा खाली यायचा. आबा बांधावरून ओरडायचे, "बैलं आणू का रं?"

वर्षश्राद्ध झाल्यावर आबांनी विषय काढला. इंदापूरच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याला जीप हवी होती. चालवायला नाही, हॉटेलपुढे चबुतरा बांधून त्यावर ठेवायला. गिऱ्हाइकं तिच्याजवळ उभी राहून फोटो काढतील म्हणून.

"आत लायटी लावणार हाय म्हणं," आबा म्हणाले.

"नको, आबा."

"आगं, मग करायचं काय तिचं? नुसती बघितली तरी माझ्या पोटात तुटतं." मग तेच म्हणाले, "एक काम कर. माळावर चढव. चढली तर ऱ्हाऊ दे. न्हाय चढली तर दसऱ्याला तो घिऊन जाईल."

दसऱ्याला पाच आठवडे होते.

एखादी गोष्ट समजली नाही की मी पुस्तक उघडते. मला दुसरी रीत माहीत नाही. आमच्या ग्रंथालयात मोटारगाड्यांच्या पुस्तकांचं एक कपाट आहे. बारा वर्षं मी त्याची धूळ झटकत होते, आत काय आहे ते कधी वाचलं नव्हतं. आता जेवणाच्या सुट्टीत वाचू लागले. तिसऱ्या दिवशी डबा अर्धा तसाच ठेवून मी खुर्चीतून उठले, कारण मला कळलं होतं. टायर मोठे झाले, पण त्यांना फिरवणारे दात जुनेच राहिले होते! दोन चाकांना जोडणाऱ्या अ‍ॅक्सलच्या मधोमध, भोपळ्यासारख्या फुगलेल्या भागात, एक मोठं दातेरी चक्र असतं आणि त्याला फिरवणारं एक लहान. मोठ्याच्या एका फेऱ्यात लहान चक्राने जितके जास्त फेरे घ्यावेत तितकी चाकाला ओढ जास्त. मोठ्या टायरला ओढही मोठी लागते. एवढंच होतं. मी रजिस्टरच्या मागच्या पानावर त्याचं चित्र काढलं आणि दुपारभर कुणाला ते दाखवावं असं वाटत राहिलं. ज्याला दाखवायचं तो नव्हता.

बारामतीच्या कडेला एक मेकॅनिक आहे. हंगामात तो उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांखालून बाहेर निघत नाही, पण कारखाना सुरू व्हायला अजून अवकाश होता. सपाट रस्त्यावर जीप बरी चालते. मी ती हळूहळू त्याच्याकडे नेली आणि माझं चित्र त्याच्यापुढे धरलं. त्याने चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"म्याडम, तुमी शिकवता काय?"

"नाही, पुस्तकं देते-घेते."

"मग बरोबर हाय. शिकवणारे एवढं नीट काढत न्हाईत."

दात मोजायची त्याची रीत मला फार आवडली. अ‍ॅक्सल खोलायचा नाही. मागचं एक चाक जॅकवर उचलायचं. टायरवर खडूची खूण, इंजिनाकडून येणाऱ्या लांब शाफ्टवर दुसरी खूण. मग चाक हाताने बरोबर दोनदा फिरवायचं, कारण एकच चाक उचललेलं असताना त्याचे दोन फेरे म्हणजे आतल्या मोठ्या चक्राचा एक, आणि तेवढ्यात शाफ्ट किती वेळा फिरतो ते मोजायचं. तो चाक फिरवू लागला आणि मी गोणपाटावर आडवी होऊन मोजू लागले. सव्वाचार फेरे भरले.

"पाच आणि वर थोडं पायजे," तो म्हणाला. "मोठ्याला त्रेचाळीस दात, लहानाला आठ. जुन्या जीपला यायचे. पर एक ध्यानात घ्या, पुढं-मागं सारखंच लागतं. एकीकडं सव्वाचार न् दुसरीकडं पाच, आन् चारी चाकांना जोर दिला, तर आतलं काय तरी मोडलंच म्हणून समजा."

"मग पुढचंही मोजू या का?"

"मोजायचं काय त्यात? एका जीपला दोन्ही एकसारखेच असत्यात."

दातेरी चक्रांचे नवे दोन सेट माझ्या पगारात बसणारे नव्हते. एक जुना मिळणंही अवघड, असं तो म्हणाला. मग मी रविवारी स्कूटरवरून शोधत हिंडू लागले. भंगारवाले, गॅरेजवाले, कुणाच्या तरी परसात गवत उगवलेल्या जीपगाड्या. माझ्या पर्समध्ये खडू असायचा. इतक्या महिन्यांनी मला पहाटे आपोआप जाग येऊ लागली होती, आणि ती रडण्यासाठी येत नव्हती.

कोऱ्हाळ्यात तसा एक अ‍ॅक्सल सापडला. तिकडे जुन्या जीपचे अ‍ॅक्सल ट्रॅक्टरमागे ओढायच्या पाण्याच्या टाकीच्या गाड्यांखाली बसवतात, हे मला मेकॅनिकनेच सांगितलं होतं. एका मळ्यात तशी गाडी उभी होती, शेजारी तिचे मालक, एक वयस्क तात्या, बाजेवर बसलेले. मी विचारलं, जरा चाक फिरवून बघू का?

"चाक फिरवून?" तात्या म्हणाले. "बाई, तुमी कुठल्या खात्याच्या?"

टाकी रिकामी होती. त्यांनीच जॅक दिला. आतून निघणाऱ्या शाफ्टच्या तुकड्यावर मी खूण केली आणि चाक दोनदा फिरवलं. पाच फेरे, आणि वर एक तृतीयांशाहून थोडं अधिक. मी पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. मला हसू आवरेना, आणि तात्या मात्र काळजीत पडले.

मी त्यांना सरळ सांगितलं: मला तुमचा अ‍ॅक्सल द्या, मी माझ्या जीपचा देते, मापाने तसाच आहे. तुमच्या गाडीला आतल्या दातांशी काही देणंघेणं नाही.

"चाक फिरंल न्हवं?"

"फिरेल."

"मग न्या की. फकस्त टाकी हालली न्हाय पायजे."

मेकॅनिकने अदलाबदल केली. अ‍ॅक्सल उघडल्यावर आतलं तेल काळं निघालं, पण दात कोरे होते. टाकीखाली ते वर्षानुवर्षं नुसते फिरले होते, त्यांनी कधी काही ओढलं नव्हतं. मी बोट फिरवून मोठ्या चक्राचे दात मोजले. बेचाळीस, त्रेचाळीस.

आता पुढचा राहिला. दसऱ्याला सहा दिवस होते. आणि वळणाऱ्या चाकांचा, पुढचा अ‍ॅक्सल टाकीच्या गाडीखाली कुठून येणार?

"पुढचं एकदा मोजू तरी," मी म्हणाले. का म्हणाले, माहीत नाही. हातात खडू होता म्हणून असेल.

तो चाक फिरवू लागला. मी मोजू लागले. चारनंतर शाफ्ट थांबेल असं धरून चालले होते. तो थांबला नाही.

"पाच," मी म्हणाले. "पाच आणि वर थोडं."

"चुकलं तुमचं."

तो स्वतः गोणपाटावर आडवा झाला आणि मी चाक फिरवलं. तो बराच वेळ बाहेरच आला नाही. मग आला तो थेट जीपमध्ये वाकून बघू लागला. गिअरच्या दांड्याशेजारी एक आखूड दांडी असते. ती ओढली की चारही चाकांना जोर जातो. त्या दांडीला लाल दोरा होता, सात-आठ वेढे देऊन खालच्या पट्टीशी घट्ट बांधलेला.

"ह्यो कुणी बांधला?"

"यात्रेतला आहे. देवाचा."

"म्याडम, देवाचा दोरा दांडीला बांधत्यात, खालच्या पट्टीला कशाला? ही दांडी कुणी वढू नये म्हणून बांधलाय ह्यो. तुमच्या मालकांनी पुढचं काम करून ठिवलंय. मागचं मिळायची वाट बघत हुते."

मी तिथेच टायरला टेकून बसले. तो जायच्या आदल्या वर्षी मी आठ दिवस पुण्याला प्रशिक्षणाला गेले होते. परत आले तेव्हा तो जेवताना म्हणाला होता, "निम्मं काम झालं बरं का." मी विचारलं, कसलं? तो म्हणाला, "बघशील की." मला वाटलं होतं बागेच्या ठिबकचं. मग त्याने सांगितलं होतं, त्या लाल दोऱ्याला हात लावू नकोस, आणि मी मान हलवून पुन्हा पुस्तकात गेले होते. आबा तर जीपमध्ये बसताना त्या दांडीला नमस्कार करायचे.

मी रडले, पण ते वेगळं रडणं होतं. म्हणजे आम्ही दोघं एकच काम करत होतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मेकॅनिक स्वतः कळंबला आला. दोरा सोडायला तो तयार होईना. "तुमीच सोडा, वहिनी," तो म्हणाला. त्या दिवसापासून मी म्याडम राहिले नाही. गाठ पक्की होती. ती नखांनी सोडायला मला वेळ लागला. आबा म्हणाले, "मी बी येनार," आणि शेजारी चढून बसले. सवयीने त्यांनी दांडीला हात जोडले.

"आबा, तो देवाचा नव्हता."

"आसू दे. पोराचा व्हता न्हवं?"

मी दांडी ओढली. पहिल्या गिअरमध्ये जीप चढाला लागली. जिथे इंजिन नेहमी गुदमरायचं तिथे मी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय तसाच ठेवला. इंजिन गुदमरलं नाही. ते एका संथ, भारी आवाजात चालत राहिलं, मुरूम टायरखाली करकरत राहिला, मेकॅनिक मागून काही तरी ओरडत धावत होता. आबांनी पुढची पट्टी दोन्ही हातांनी धरली होती. "आली गं! आली! वढतीय बघ!" ते बागेला ऐकू जाईल एवढ्याने ओरडले. वर पोचल्यावर मी इंजिन बंद केलं. खाली घर दिसत होतं, शेड दिसत होती, रिकामी.

आबांनी तिथूनच हॉटेलवाल्याला फोन लावला. "न्हाय ओ, मोकळी न्हाय ती," ते म्हणाले. "कामाला लागली."

यंदा डाळिंबाचे क्रेट तिच्यातूनच खाली येतात. मोठ्या रस्त्यावर ती फार पळत नाही. शेडमध्ये जीप आहे. तिच्या पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये त्रेचाळीस आणि आठ दात आहेत, मागच्यातही तेवढेच आहेत.