खिशातला शिशाचा गोळा

स्टुडिओच्या नावावरून सगळे ज्याला टिपटॉप म्हणत, त्याने जन्मभर पासपोर्टचे फोटो काढले. "मान सरळ, हसू नका," एवढ्यावर त्याचा संसार चालला. स्टुडिओ बंद केल्यावर त्याला आकाशाचा नाद लागला, तो दाजींमुळे. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान, हाडाचे सुतार. हलक्या लाकडाचं, माणसाच्या उंचीएवढ्या पंखांचं ग्लायडर त्यांनी स्वतः घडवलं होतं. त्याच्या नाकात टिपटॉपने छोटासा कॅमेरा बसवला. कॅमेरा आत असला की तोल राखण्यासाठी नाकातला शिशाचा गोळा काढायचा. कॅमेरा काढला की गोळा पुन्हा आत. हे काम टिपटॉपचं.

टेकडीवरून दाजी ग्लायडर फेकत आणि रिमोटने फिरवत. मग फोटोंत गल्ली, छपरं, वाळत घातलेल्या चादरी दिसत.

"आजवर लोकांची तोंडं काढलीस," ताई म्हणे, "आता टाळकी काढ!"

गेल्या रविवारी लेन्सवर धूळ दिसली म्हणून टिपटॉप कॅमेरा काढून पुसत बसला. गोळा खिशातच राहिला. "तोवर नुसतीच एक फेरी मारतो," म्हणत दाजींनी ग्लायडर फेकलं. त्याने एकदम नाक वर केलं, क्षणभर अधांतरी लटकलं आणि खडकावर आपटलं. पंख मधोमध मोडला.

टिपटॉपचा हात खिशात गेला आणि तिथेच राहिला. दाजी मात्र स्वतःच्या हातांकडे बघत होते. अलीकडे उजवा हात जरा कापायचा.

"हात गेला रे माझा," ते म्हणाले.

"वारा फिरला असेल, दाजी."

वारा फिरला नव्हता. प्रत्येक उड्डाणाचे फोटो होते, नेमके ह्याचेच नव्हते. त्याचं टिपटॉपला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची घरी जाईपर्यंत लाज वाटत राहिली.

गुरुवारी ताई आली. "ह्यांनी कपाटाचं काम परत केलं. रंधासुद्धा कोपऱ्यावरच्या सुताराला देऊन टाकला. म्हणतात, ह्या हाताला खेळणं सांभाळवेना, लाकूड काय सांभाळणार! तू समजाव बाबा, तुझं ऐकतात ते."

चहा त्याने तसाच ठेवला. तिच्याबरोबरच तो निघाला.

दाजी रिकाम्या बाकासमोर बसले होते. टिपटॉपने गोळा बाकावर ठेवला. "हा माझ्या खिशात होता, दाजी. रविवारी. तुमच्या हाताचा काही दोष नाही."

दाजींनी गोळा तळहातावर घेतला. तळहात कापत होता. ते तिघांनाही दिसलं.

"हात कापतो, ते माझं मला ठाऊक आहे," दाजी म्हणाले. "पण पाडलं त्याने नाही, हे तुला तिथेच ठाऊक होतं. आणि मी ह्या हातांना शिव्या देत बसलो."

"चुकलो, दाजी."

"चूक विसरण्याची नव्हे रे. वाऱ्यावर ढकललंस, ती."

ताईने चपला त्याच्यासमोर सरकवल्या. "आधी रंधा आण जा."

तो दारापर्यंत गेला आणि वळला. "मग पंख जोडू या का? मी घासून देतो."

"घास," दाजी म्हणाले. पण शिशाचा गोळा त्यांनी स्वतःच्या खिशात टाकला. पुढे ग्लायडर पुन्हा उडू लागलं, फोटोही निघाले; गोळा मात्र टिपटॉपच्या हातात त्यांनी कधी दिला नाही. त्यानेही मागितला नाही.