पाण्याचा रकाना

"आधी पाणी घ्या, मग बोला."

मतं मागायला कुणीही दारात आलं, की मावशी हे म्हणत तांब्या पुढं करायची.

अंबरनाथला टेकडीवरची आमची वस्ती. नळ एकच, तोही खाली रस्त्याला. आमच्या आईसारखीच मावशीही कंपनीत पॅकिंगला जायच्या आधी हंडे वर चढवायची. होती आमची शेजारीण, पण साऱ्या वस्तीची मावशी. ती ज्याला म्हणेल, त्याला वस्तीचं मत. अशी एखादी बाई तुमच्याही वस्तीत असेल.

आमचा नगरसेवक तिचा तांब्या घटाघटा रिकामा करायचा, मिशा पुसायचा. "आई, बरं वाटलं." नळाचं विचारलं, की दर वेळी पुढच्या वर्षी.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, आमच्या घरातला पहिलाच. कॉलेजच्या सरांनी नगरसेवकांच्या कामाची पाहणी काढली. रस्ते, गटार, पाणी, प्रत्येकाला दहापैकी मार्क. फॉर्म घेऊन आधी मावशीकडं गेलो.

"दहा लिही."

"मावशी, नळ कुठंय?"

"माझ्या बापाला गावच्या विहिरीला कधी शिवू दिलं नाही. हा माझ्या हातचं पितो. त्याला रकाना आहे का तुझ्या कागदात?"

नव्हता. मी दहा लिहिले. सरांनी सगळे फॉर्म जुळवले आणि त्याला नापास केलं. पेपरात छापूनही आलं. वस्तीनं पेपर वाचला आणि पुन्हा त्यालाच निवडून दिलं.

पुढं एका उन्हाळ्यात मावशी हंड्यासकट चढावर पडली. पाय कायमचा अधू झाला.

नंतरच्या निवडणुकीला एक नव्या बाई उभ्या राहिल्या. मावशीनं तांब्या पुढं केला. बाईंनी पर्समधली बाटली दाखवली. "मी बाहेरचं पीत नाही, मावशी. पण नळ वर आणते."

त्या गेल्यावर माझी आई म्हणाली, "बघितलंस ना? हिला कसलं मत."

मावशीनं भरलेला तांब्या खाली ठेवला. "तो प्यायचा ते पाणी खालनं कोण आणायचं? मीच ना. ह्या बारीला हिला द्या."

नळ आला. पाणी सोडायला बाई आल्या, तेव्हा मावशीनं काठी टेकत त्याच नळाचा तांब्या त्यांच्यापुढं धरला. बाईंनी हसून नुसते हात जोडले. मावशीनं ते पाणी स्वतःच पिऊन टाकलं. मला म्हणाली, "सरांना सांग, नळाचे दहा. माझा रकाना मोकळा ठेव."

मावशी जाऊन वर्षं झाली. तिचा रकाना असलेला फॉर्म मला अजून कुठं दिसलेला नाही. टेकडीवर घरोघरी नळाला पाणी येतं.