बर्नर कुणी बंद केला

पोलादाच्या भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस खोटं बोलू शकत नाही.

हे वाक्य जालन्याच्या एका कारखान्यात एका मोठ्या पुढाऱ्यानं उच्चारलं, तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. वाक्य माझं होतं. त्या भट्टीसमोर मी रोज उभा राहायचो, म्हणून ते लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे असं मला वाटायचं. त्याच दिवशी, तिथेच उभा राहून, मी जे बोललो ते मात्र आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मला विचारू नका. मला माहीत नाही.

आधी कारखाना सांगतो. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही पोलादाचे मोठे ओतीव भाग करायचो. सिमेंट कारखान्यांचे, साखर कारखान्यांचे, आणि त्या वर्षी पहिल्यांदा जहाजाचा. सुकाणूला वरून धरून ठेवणारा एक वाकडा, जाडजूड खांब — तीन टनांचा. जालन्याहून समुद्र दिसत नाही. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी जहाज फक्त सिनेमाच्या पडद्यावर पाहिलं होतं. पण ऑर्डर मिळाली आणि शेठजींना समारंभाची हुक्की आली. मांडव घातला. थर्माकोलचं जहाज आणलं, त्यावर कारखान्याचं नाव घातलं. प्रमुख पाहुण्यांनी, म्हणजे त्या पुढाऱ्यानं, दाबावं म्हणून एक लाल बटण बसवलं. ते दाबलं की भट्टी कलंडणार आणि पोलाद वाहू लागणार, असं निमंत्रणपत्रिकेत छापलं होतं. बटण कशालाच जोडलेलं नव्हतं.

मी वितळण विभागाचा प्रमुख. तीर्थपुरीकडच्या शेतकरी घरातला, शिकून इथं आलेला, चार पुस्तकं वाचलेला. असल्या थाटामाटाची मी मनसोक्त टिंगल करायचो. हार, शाल, नारळ — यावर माझे विनोद ठरलेले असत. आणि शेठजींची, त्यांच्या पाहुण्यांची, सगळ्यांची भाषणं लिहूनही मीच द्यायचो. यात काही विसंगती आहे असं तेव्हा वाटलं नाही.

आता लॅडल. भट्टीतलं पोलाद ज्या प्रचंड बादलीत ओततात आणि क्रेननं साच्यापर्यंत नेतात, ते लॅडल. आतून विटांचं आणि मातीचं अस्तर असतं. अस्तर नवं केलं की ते तासन्‌तास तापवावं लागतं, डिझेलच्या बर्नरवर. त्यात ओल राहिली आणि वर पोलाद पडलं, तर ओलीची वाफ होते — आणि वाफेला बाहेर पडायला पोलादातूनच वाट काढावी लागते. हे शाळेतल्या पोरालाही समजेल. मला तर त्याचा पगार मिळत होता.

लॅडल तापवायचं काम उत्तम खरातचं. बदनापूरजवळच्या गावातला, रोज रेल्वेनं येणारा, बोलायला कमी. अस्तर वरून लाल दिसलं म्हणून तो कधी फसला नाही. लॅडलच्या बाहेरच्या पत्र्याला बारीक भोकं असतात, आतली वाफ निघून जावी म्हणून. उत्तमकडे आरशाचा एक तुकडा होता. तो काठीला बांधून त्या भोकांसमोर धरायचा. आरसा धुरकटला तर आत ओल. आरसा स्वच्छ राहिला की उत्तम हात वर करायचा, आणि मग भट्टीवरचे हमीदभाई पोलाद सोडायचे. हमीदभाई म्हणजे आमचे सगळ्यात जुने मिस्त्री. भट्टीच्या आवाजावरून पोलाद तयार आहे की नाही ते सांगायचे. त्यांचा विश्वास दोन गोष्टींवर : एक वरचा, आणि दुसरा उत्तमचा आरसा.

समारंभासाठी लॅडलला नवं अस्तर केलं. जुनं काळं दिसतं, फोटोत बरं दिसणार नाही, असं शेठजी म्हणाले. मी हो म्हटलं.

पाहुणे सकाळी यायचे ते दुपारी आले. पोलाद भट्टीत तयार होत आलेलं. मांडव लॅडलपासून हाकेच्या अंतरावर, आणि बर्नरचा आवाज तुम्ही ऐकला नसेल — छातीत घुमतो तो. स्वागतगीत म्हणणाऱ्या मुलींचे नुसते ओठ हलत होते. पाहुणे भाषणाला उभे राहणार, हातात माझे कागद.

मी लॅडलकडे गेलो आणि उत्तमला बर्नर बंद करायला सांगितलं.

त्यानं आरसा माझ्यापुढे धरला. धुरकट होता. "साहेब, ओल हाय अजून. दोन घंटे तरी लागतेन," तो म्हणाला. मी म्हणालो, "पूस तो आरसा, अन्‌ बंद कर." त्यानं आरसा पुन्हा भोकासमोर धरला. मी पुन्हा सांगितलं, जरा चढ्या आवाजात. त्यानं बंद केला.

पाहुण्यांचा मान राखायला — असं मी स्वतःला किती वर्षं सांगितलं! खोटं आहे ते. पाहुण्यांचं मला काय होतं? मला माझी वाक्यं ऐकायची होती. आगीबद्दल, घामाबद्दल, पोलादाबद्दलची ती तीन पानं मी आठवडाभर घासली होती. ती बर्नरखाली बुडू नयेत, एवढंच. थाटामाटाची टिंगल करणारा माणूस मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिला आणि स्वतःच्या शब्दांना पडणाऱ्या टाळ्या मोजू लागला. भाषण लांबलं. पाहुण्यांनी मध्ये स्वतःचीही काही वाक्यं घातली. ती वाईट होती.

मग नारळ फुटला. उत्तम पुन्हा माझ्याजवळ आला, काठीवरचा धुरकटलेला आरसा दाखवला. आणि मी — हात वर केला. त्याच्याऐवजी मी. हमीदभाईंनी वरून पाहिलं. त्यांना वाटलं, साहेबांनी खात्री केली असेल.

पाहुण्यांनी बटण दाबलं. भट्टी कलंडली.

पहिल्यांदा लॅडलच्या तळातून गुरगुर आली. मग अख्खं पोलाद उभं राहिलं. उडालं म्हणत नाही मी, उभं राहिलं, छपरापर्यंत. पत्रे फोडून वर गेलं आणि पाऊस पडावा तसं खाली आलं. थर्माकोलचं जहाज एका श्वासात नाहीसं झालं. पाहुणे अनवाणी पळाले. त्यांच्या चपला व्यासपीठाखाली व्यवस्थित जोडीनं राहिल्या. हमीदभाई वरच्या फलाटावर होते. पोलाद त्यांच्या बुटांत शिरलं. तुम्हाला कळतंय का मी काय म्हणतोय? बूट काढता येत नाही. बूट आणि पाय वेगळे राहत नाहीत. ते ओरडत खाली आले, ते पायऱ्यांवरून नाही.

त्यांच्याकडे सगळ्यात आधी धावला तो उत्तम. ओलं पोतं घेऊन. त्यांच्या पेटलेल्या सदऱ्यावर तो ते पोतं दाबत होता, उघड्या हातांनी. त्याची पाठ माझ्याकडे होती.

पोलादावरची मळी ओढायची लोखंडी सळई भिंतीला टेकलेली असायची. मी ती उचलली आणि उत्तमच्या कानशिलावर मारली. तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, मी काही सांगायला आलोय असंच त्याला वाटलं असावं. मी दुसऱ्यांदा मारली. आणि ओरडलो, "यानं बर्नर बंद केला! भाषण ऐकायला बंद केला!"

दुःखात माणसाचा तोल जातो, असं मला नंतर बरेच जण समजुतीनं म्हणाले. माझा गेला नव्हता. वाक्य आधी सुचलं, हात नंतर उठला. लिहिणाऱ्या माणसाची सवय.

पुढचं लोकांनी केलं. हमीदभाईंवर सगळ्यांचा जीव. फावडी होती, बूट होते, कुणाकडे साच्याच्या चौकटीची खुंटी होती. "मार साल्याला," "मुंडकं घाला त्याचं भट्टीत" — एरवी डबा वाटून खाणारी माणसं. तो खाली पडल्यावरही थांबले नाहीत. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, बर्नर बंद होता ना! त्याच्या जागी शेठजींचा भाचा असता, किंवा माझ्या नात्यागोत्यातला कुणी असता, तर मी सळई उचलली असती का? लोक इतक्या झटकन जमले असते का? उत्तम बौद्ध होता. हे त्या दिवशी कुणी बोललं नाही. बोलायची गरज पडली नाही. मी सळई धरून बाजूला उभा होतो. एकदाही "पुरे" म्हणालो नाही.

हमीदभाई चौथ्या दिवशी गेले. उत्तम वाचला. तीन बरगड्या, जबडा, आणि डावा कान कायमचा. शिवाय त्याला तो दिवस आठवेना. सकाळी गाडीत बसलो इथपर्यंत आठवतं, म्हणाला. डॉक्टर म्हणाले, आठवेल कदाचित हळूहळू. मी वाट पाहिली. कशाची, ते तुम्हाला कळलं असेल.

कारखान्यात दोन मतं होती : नारळ नासका निघाला म्हणून झालं, आणि उत्तम खरातमुळे झालं. तिसरं मत फक्त माझ्याकडे होतं. अहवाल मी लिहिला. भाषा चांगली आहे, असं चौकशीला आलेले साहेब म्हणाले. उत्तमला काढून टाकलं. मारहाणीची तक्रार कुणी केली नाही. ज्याला करायची त्याला काही आठवत नव्हतं.

एवढंच असतं, तरी कदाचित मी गप्पच राहिलो असतो. यापेक्षा वाईट पुढे आहे.

सहा-सात वर्षांनी बदनापूर स्टेशनवर गाडीची वाट बघत होतो. बाकावर शेजारी कुणीतरी येऊन बसलं, उजवा कान माझ्याकडे करून.

"साहेब, वळखलं का? उत्तम. लॅडलवाला."

कापसाच्या एका जिनिंगवर राखणीला होता तो. त्यानं माझ्या पोरांची चौकशी केली.

"एक इचारू का? त्या दिसाचं मला काहीच ध्यानात न्हाई. समदे म्हनतेत, म्याच बंद केल्ता बर्नर. बायको म्हनते, तुम्ही असं करनारच न्हाई, भांडती माझ्याशी त्याच्यावरून. तुम्ही तिथं व्हते साहेब. खरं सांगा — म्या केल्ता का?"

फलाटावर आम्ही दोघंच. सळई नव्हती, शेठजी नव्हते, चौकशी केव्हाच मिटलेली. खरं सांगितलं असतं तर माझं काय गेलं असतं? नोकरी? तीही बहुधा गेली नसती. एवढ्या स्वस्तात खरं बोलायची संधी मला पुन्हा मिळाली नाही.

मी म्हणालो, "हो उत्तम. तूच केलास."

त्यानं मान हलवली. "मंग बराबर हाय," म्हणाला. "म्हंजे लोकायनं मारलं ते बिलकुल बराबर हाय." मग, गाडी दिसायला लागल्यावर : "हमीदभाईच्या घरी जाऊन पाया पडून येतो. आजवर गेल्तो न्हाई. माझं न्हाई, मंग कशाला जायचं, असं वाटायचं."

तो खरंच त्यांच्या घरी गेला. मला हे कारखान्यातल्या एकानं सांगितलं, गंमत म्हणून. उत्तमनं दारात उभं राहून सांगितलं, बर्नर मी बंद केल्ता, माफी असावी. हमीदभाईंच्या धाकट्या भावानं त्याला दारातच तुडवला. उत्तमनं हात आडवासुद्धा घातला नाही, म्हणे. शेवटी हमीदभाईंच्या बायकोनं मध्ये पडून सोडवला आणि पाणी दिलं.

पहिल्या वेळी मी दोनदाच मारलं होतं. या वेळी एकदाही नाही. कोणती मारहाण जास्त माझी?

उत्तम आता नाही. कशानं गेला ते मी विचारलं नाही. तो असताना हे लिहिलं नाही, नसताना लिहितोय. यातला भित्रेपणा मला दिसतो. त्याची बायको आहे. ती शेवटपर्यंत त्याच्याशी भांडत राहिली असणार, आणि बरोबर तीच होती. तिच्याकडे मी गेलेलो नाही. जाईन असंही म्हणत नाही.

एक राहिलं. समारंभाचं ध्वनिमुद्रण केलं होतं. व्यासपीठावरचा टेपरेकॉर्डर कुणीतरी आधीच चालू करून ठेवला होता, आणि पोलाद ओतल्याचा आवाज यावा म्हणून त्याचा एक माइक लांब तारेनं लॅडलपाशी नेला होता. स्मरणिकेसाठी भाषण उतरवून घेतो, असं सांगून ती कॅसेट मी त्याच आठवड्यात घरी आणली. ती अजून माझ्या कपाटात आहे. सुरुवातीला नुसता बर्नर घुमतो. मग उत्तमचा आवाज, दोन घंटे तरी लागतेन. मग माझा, पूस तो आरसा. मग एकदम शांतता.

त्यानंतरचं भाषण अगदी स्पष्ट ऐकू येतं.