लेफ्टनंटसाहेबांचा कोट

मुक्तिसंग्रामदिनाला आमच्या शाळेच्या मैदानावर दरवर्षी एकच प्रसंग सादर व्हायचा. निजामाच्या फौजेतला एक अधिकारी चालत पुढे येतो, भारतीय सैन्याच्या अधिकाऱ्यापुढे तलवार ठेवतो, मग तिरंगा वर चढतो आणि सगळं आष्टी गाव टाळ्या वाजवतं. मी या शाळेत बावीस वर्षं इतिहास शिकवला. प्रसंगाचं निवेदन माझ्याकडेच असायचं, आणि पोशाखाची जबाबदारीही हळूहळू माझ्याच गळ्यात पडली.

निजामाच्या अधिकाऱ्याचा कोट आम्ही लग्नाच्या बँडवाल्याकडून आणायचो. लाल रंगाचा, छातीवर सोनेरी झालर. एका वर्षी त्याच्या पाठीवर बँड पथकाचं नाव आणि मोबाईल नंबर तसाच राहिला. अधिकारी शरण यायला वळला आणि मैदान खो खो हसलं. मुलंही हसली. मला फार लागलं ते. मी वर्गात मुलांना सांगायची की इतिहास म्हणजे पुरावा, आणि माझ्याच मैदानावर इतिहास लग्नाच्या वरातीतला कोट घालून फिरत होता.

पुढच्या वर्षी ठरवलं की पोशाख अगदी खरा हवा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी जुने फोटो गोळा केले. काही पुस्तकांतले, काही मोबाईलवर सापडलेले. निजामाच्या नियमित फौजेचे अधिकारी खाकी ड्रिलचा कोट घालायचे, खांद्यावरून तिरका चामडी पट्टा, खांदपट्टीवर तारे, एवढं कळलं. पण बटणं कशी, खिशाची घडी कुठल्या बाजूला, हे धूसर फोटोंत दिसेना. ते कागद घेऊन मी बाजारातल्या शिंपीचाचांकडे गेले.

चाचांना सगळं गाव ओळखायचं. शाळेचे गणवेश तेच शिवायचे. तेव्हा ते पंच्याहत्तरीला टेकलेले, तब्येतीनं बारीक, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. घरात उर्दू, दुकानात आमची मराठी. त्यांनी माझे फोटो मशीनवर पसरले, एकेक जवळ धरून पाहिला आणि एका फोटोवर बोट ठेवलं.

"हे बराबर न्हाई मॅडम. हा रंगवलेला दिसतो. खिशाला मधून चुणी असती. आन् बटनावर दस्तार असती, निजामाची पगडी. ह्यात तर सादं बटन हाय."

"तुम्हाला कसं माहीत, चाचा?"

ते आत गेले आणि पांढऱ्या चादरीत गुंडाळलेला एक कोट घेऊन आले.

तो त्यांच्या अब्बांचा होता. अब्बा फौजेत लेफ्टनंट होते. फौज मोडली तेव्हा पंचविशीचेही नव्हते. गावी परत आले, मामाच्या हाताखाली शिवणकाम शिकले आणि मरेपर्यंत याच मशीनवर बसले. कोट त्यांनी पुन्हा कधी अंगात घातला नाही. वर्षातून एकदा उन्हात टाकायचे, कडुनिंबाचा पाला घालून परत ठेवायचे. चाचांनीही ते सुरू ठेवलं होतं.

मी कोट हातात घेतला. कापड जड होतं आणि मऊ झालेलं. काजं हातानं केलेली, एकसारखी. सहा बटणं, त्यांतलं एकही हरवलेलं नाही. मला काय झालं ते खरं सांगते. मला त्या माणसाबद्दल काही वाटलं नाही. मला वाटलं, सापडला.

चाचा म्हणाले, "माप घ्या, फोटो काढा. मी ह्याच्यासारखा नवा शिवून देतो. आठ दिवसांत."

दिलाही शिवून. पण कापड टेरिकॉटचं, उन्हात चमकायचं. बटणं साधी पितळी. मी तो घरी नेला, आरशासमोर टांगला, आणि मन मानेना. खरा कोट दोन गल्ल्या पलीकडे असताना मैदानावर खोटा का? मी पुन्हा दुकानात गेले. एकदा नव्हे, तीनदा गेले. तिसऱ्यांदा चाचांनी कात्री खाली ठेवली.

"त्यात करणार काय हाय, मॅडम?"

"काही नाही चाचा. अधिकारी येतो, तलवार देतो, संपलं."

"सलाम करल का त्यो?"

"करेल की."

"आन् समोरचा? समोरच्यानं बी करायला पायजे. मंग द्यायला माझी ना न्हाई."

मी तिथंच शब्द दिला. सलामाला सलाम. वहीत लिहूनही घेतलं. त्यांना पहिल्या रांगेत खुर्चीचं आमंत्रण दिलं. एवढ्या साध्या अटीमागे काय असेल, हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. मी विचारलं ते हे, की पट्ट्याचं बक्कल डावीकडे येतं की मध्ये.

कोट अरुंद होता. तो फक्त पोस्टातल्या तरुण कारकुनाला बसला, म्हणून अधिकारी तो झाला. भारतीय सैन्याच्या अधिकाऱ्याचं काम गावातल्या एका ठेकेदाराकडे होतं. मांडव त्याचा, स्पीकर त्याचे, आणि पंचायतीच्या निवडणुकीची तयारीही चाललेली. तालमीत दोघांनी व्यवस्थित केलं. सलाम, तलवार, सलाम. मी समाधानानं घरी गेले.

मुक्तिसंग्रामदिनाच्या सकाळी पाऊस होऊन गेला होता. मैदानात चिखल होता, पण गर्दी कधी नव्हती एवढी. आजूबाजूच्या गावांतून ट्रॅक्टर भरून लोक आल्ते. कारकून कोट घालून पुढे आला तेव्हा क्षणभर सगळं मैदान गप्प झालं. तो कोट खरा आहे हे कुणी सांगितलं नव्हतं, तरी दिसत होतं. माईकवर मी होते.

कारकुनानं सलाम केला आणि तलवार पुढे धरली. ठेकेदारानं ती घेतली. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "मारा रझाकाराला!" मग सगळीकडून तेच. शिट्ट्या सुरू झाल्या. ठेकेदारानं लोकांकडे पाहिलं, हसला, आणि सलामासाठी उचललेला हात त्यानं कारकुनाच्या कॉलरला घातला. त्याला गुडघ्यावर पाडलं. खांदपट्टी ओढली. ती एका झटक्यात उसवून आली. त्यानं ती उंच धरून लोकांना दाखवली आणि चिखलात फेकून दिली. कारकून बावचळून हसत होता. त्याला वाटलं, ऐनवेळी प्रसंग बदलला असेल.

माईक माझ्या हातात होता.

रझाकार वेगळे आणि निजामाची फौज वेगळी, हे मी इतकी वर्षं फळ्यावर दोन रकाने आखून शिकवत आले. एक वाक्य पुरलं असतं. नुसतं "थांबा" म्हटलं असतं तरी स्पीकर एवढे मोठे होते की मैदान थांबलं असतं. मी कागदावरचं पुढचं वाक्य वाचलं. "आणि जुलमी राजवटीचा अंत झाला." टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी घाबरले होते असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. ते पूर्ण खरं नाही. माझं माहेर पिंपळगाव रेणुकाईचं. रझाकारांच्या काळात माझे आजोबा पोराबाळांना घेऊन पायी वऱ्हाडात पळून गेल्ते. परत आले तेव्हा घर जळालेलं होतं, आणि बैलांचं काय झालं ते कधीच कळलं नाही. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली. तो अधिकारी चिखलात गुडघ्यावर आला तेव्हा माझ्या आतलं काहीतरी निवलं. दोन-चार क्षणच. पण त्या दोन-चार क्षणांतच बोलायचं होतं.

चाचा पहिल्या रांगेत होते. ते उठून गेले नाहीत. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, ते सगळ्यांसोबत उभे राहिले. गर्दी पांगल्यावर मैदानात आले आणि वाकून चिखलात खांदपट्टी शोधू लागले. मी धावत गेले.

"चाचा, तुम्ही राहू द्या. मी शोधते."

"नका मॅडम. साडी भरल तुमची."

पट्टी सापडली. एक तारा मात्र सापडला नाही. कारकुनानं कोट काढून दिला तेव्हा चाचांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "लागलं तर न्हाई ना, बेटा?"

दोन दिवस मी दुकानाकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी गेले. कोट धुऊन आत दोरीवर टाकला होता. खालच्या घेराला लागलेला चिखल निघाला होता, पण तिथं एक पिवळट डाग राहिला होता. चाचांनी चहा मागवला. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनीच बोलायला सुरुवात केली. आवाज नेहमीसारखाच.

"आमचे अब्बा जालन्याकडं होते तेव्हा. हुकूम आला, हत्यार खाली ठेवा. अब्बा आपल्या माणसांना घिऊन गेले. समोर एक हिंदुस्थानी मेजर होते. अब्बांनी सलाम केला. अब्बांना वाटलं, आता हा शिवी देतो का धक्का देतो. त्यानं बराबर सलाम केला. वर म्हन्ला, तुमची माणसं जेवली का? न्हाई म्हन्ल्यावर त्यानं आपल्या लंगरमधून रोट्या दिल्या सगळ्यांना. अब्बा म्हनायचे, त्या दिवशी मला कळलं की आपण कुठल्या मुलकात राहायला चाललो. म्हणून हा कोट ठिवला त्यांनी. निजामासाठी न्हाई, मॅडम."

मी म्हणाले, "मला हे आधी का नाही सांगितलं, चाचा?"

"तुम्ही बटनाचं विचारलं. मी बटनाचं सांगितलं."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी त्यांना सांगितलं की हे मी लिहून काढीन, पुढच्या वर्षी हाच प्रसंग दाखवू, मेजर आणि रोट्यांसकट. ते "बघा" म्हणाले. मी ठेकेदाराकडेही गेले. तो म्हणाला, "मॅडम, पब्लिकला आवडलं ना? मंग?" त्याच्या मोबाईलवर तो व्हिडिओ होता आणि तो आधीच साऱ्या तालुक्यात फिरला होता. खाली कुणीतरी लिहिलं होतं, रझाकाराला धडा.

फिरत फिरत तो परभणीला चाचांच्या मुलीपर्यंत गेला. तिनं कोट ओळखला. त्याच आठवड्यात ती आली. मी दुकानासमोरून जात होते. ती आत उभी होती, कोट पिशवीत घालत होती. तिला मी पाचवीत गणवेशात बसलेलं पाहिलं होतं, हुशार पोरगी, माझ्या तासाला पुढच्या बाकावर. तिनं मला पाहिलं. "नमस्ते मॅडम" म्हणाली, आणि पिशवीची गाठ मारू लागली. मी आत गेले नाही.

पुढच्या वर्षी मी लिहिलेला प्रसंग कुणाला दाखवलाच नाही. निवेदनाला नाही म्हटलं, तेही गुडघ्याचं दुखणं सांगून. खरं कारण सांगायची ती दुसरी संधी होती, तीही घालवली. निवेदन एका नव्या शिक्षकानं केलं. त्याच्याकडे गेल्या वर्षीचाच कागद होता, माझ्या अक्षरातला. अधिकाऱ्याला गुडघ्यावर पाडायची आता रीतच झाली आहे. कोट टेरिकॉटचा असतो, चाचांनी शिवलेला.

मी निवृत्त झाले त्याला दोन वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात जालन्याहून परत येताना वाटूर फाट्यावर गाडी बदलायला उतरले, तर चाचा बाकावर बसलेले. जालन्याला निघाले होते, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. भाचा पाणी आणायला गेला होता. मी शेजारी बसले. डोळ्यांबद्दल बोललो, थंडीबद्दल बोललो. त्यांना माझा चेहरा नीट दिसत नसावा, म्हणून की काय, मला बोलता आलं.

"चाचा, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं. माईक माझ्या हातात होता."

"मला मालूम हाय मॅडम," ते म्हणाले. "मी समोरच बसल्तो."

जालन्याची एसटी आली. भाच्यानं त्यांना हात धरून चढवलं, मी पिशवी वर दिली. त्यांनी खिडकीतून हात हलवला, पण मी उभी होते त्याच्या जरा डावीकडे. ऑपरेशन चांगलं झालं असं ऐकलं. मशीन आता भाचा चालवतो, चाचा सकाळी तासभर येऊन बसतात. चष्मा नवा आहे म्हणे. मी अजून भेटायला गेले नाही.