भिंतीवर बसलेला गार्लंड स्टेमी

गार्लंड स्टेमीला एका जागी बसणं म्हणजे शिक्षा होती. जेवताना तो खुर्चीच्या कडेला नुसता टेकायचा. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर, तेही दाराकडच्या टोकाला. सिनेमाला गेलाच तर मध्येच उठून बाहेर यायचा आणि आपली गाडी जागेवर आहे ना, ते बघून परत जायचा. "तुझ्यासाठी खुर्ची विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात," असं त्याची बायको व्हर्लीन म्हणे. मोज्यांच्या कारखान्यात तो यंत्रं दुरुस्त करायचा. ते काम त्याला मानवलं, कारण खडखडणाऱ्या यंत्रांच्या रांगांमधून पाना घेऊन दिवसभर भटकत राहायचं असे.

वर्षात एकच दिवस असा यायचा की तो तासन्‌तास हलत नसे. सप्टेंबरातला पहिला शनिवार. त्या दिवशी कोल्ड फोर्ड गावाच्या मैदानात, गाड्या पेट्रोलला आणि टायरला थांबतात त्या पट्ट्यालगतच्या बुटक्या भिंतीवर तो मांडीवर हेल्मेट घेऊन बसे, आणि समोरून जाणाऱ्या गाड्यांतला कुठला ड्रायव्हर थकतोय ते बघत राही.

त्या दिवशी 'दोनशे' असे. दोनशे फेऱ्यांची शर्यत, म्हणून लोकांनी नाव तेवढंच ठेवलं होतं. एव्हरेट सिग्मनने ती महायुद्धानंतर चारएक वर्षांनी, जत्रेच्या मैदानातल्या घोड्यांच्या रिंगणात सुरू केली. सिग्मनचा धंदा मयतांचा. त्याची लांब काळी गाडी एरवी दवाखान्याची गाडी म्हणूनही चाले. शर्यतीच्या दिवशी ती कोपऱ्यात सावलीला उभी असायची आणि ड्रायव्हर मंडळी तिच्याकडे पाठ करून जेवायची. पहिल्या वर्षी गाड्या सगळ्यांच्या रोजच्याच होत्या. दिव्यांच्या काचांवर चिकटपट्ट्या मारल्या, दारं चामडी पट्ट्यांनी आवळली आणि निघाले. निम्म्यांनी त्याच गाड्यांतून डोंगरातली चोरटी दारू खाली आणलेली, आणि त्यांच्या मागे धावून दमलेला शेरीफ त्या दिवशी तिकीट काढून बघायला आलेला. लाल मातीचा धुरळा असा उठला की कोण पुढे, कोण मागे, काही दिसेना. बऱ्याच गाड्यांत मध्येच माणूस बदलला होता, त्यामुळे जिंकलं कोण यावरून रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर दोन घराण्यांत हातघाई झाली.

तेव्हा सिग्मनने एक नियम घातला. सुरुवातीचा झेंडा हलताना गाडीत जो बसलेला असेल, शर्यत त्याची. मध्ये तो उतरला, दुसरा खिडकीतून आत शिरला आणि त्याने जिंकून दिली, तरी नाव पहिल्याचंच. फाटकाशी फळ्यांची एक लांब रांग आहे. दरवर्षी एक पांढरी फळी, तिच्यावर काळ्या अक्षरांत साल आणि एक नाव. मातीवर पुढे डांबर पडलं, घोड्यांचे तबेले पाडून बाकं आली, सिग्मन स्वतःच्याच काळ्या गाडीतून गेला. नियम राहिला.

माणूस बदलावा लागायचाच. सप्टेंबरातली ती दमट उष्णता, पायाखालचा पत्रा तव्यासारखा तापलेला आणि इंजिनाचा धूर थेट तोंडाशी. शंभरेक फेऱ्या झाल्या की भल्याभल्या ड्रायव्हरांचे डोळे फिरत. मग भिंतीवरून गार्लंड उतरे. त्याच्यासारखा बदली ड्रायव्हर दुसरा नव्हता, असं कोल्ड फोर्डात कुणीही सांगेल. गाडी कुणाची, ब्रेक कुठे धरतात, सीट किती पुढे, काही विचारायचा नाही. आत शिरला की पुढच्या वळणावर त्याने एकाला मागे टाकलेलं असे. दोनदा अशीच ब्यूरन टीगची गाडी त्याने अर्ध्यावर घेतली आणि जिंकून दिली. एकसष्ट आणि सदुसष्ट या सालांच्या फळ्यांवर नाव मात्र ब्यूरन टीगचं.

स्वतः सुरुवात त्याने एकदाच केली होती, तरुणपणी, स्वतःच्या गाडीतून. झेंड्याची वाट बघत रांगेत थांबलेला असताना त्याच्या हातांना मुंग्या आल्या, आणि पहिल्याच वळणावर गाडी भिंतीत गेली. तिच्या भंगाराचे जे काही पैसे आले त्यात व्हर्लीनला कपडे धुण्याचं यंत्र आलं. नंतर कुणी विचारलं तर तो म्हणे, "सुरुवात मला मानवत नाही." पण दरवर्षी फाटकातून आत जाताना त्या दोन फळ्यांपाशी त्याची पावलं रेंगाळायची, आणि मग दिवसभर तो कुणाशी धड बोलायचा नाही.

त्र्याहत्तर साली त्याला सेहेचाळिसावं लागलं होतं. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात ब्यूरन टीग छपराची पन्हळ साफ करताना शिडीवरून पडला आणि त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. ब्यूरन चालवायचा त्या गाडीचा मालक हॉइट लॅकी, पेंडीच्या दुकानाचा म्हातारा, कारखान्याच्या फाटकाशी येऊन थांबला.

"शनिवारी सुरुवात तू करायचीस," तो म्हणाला.

"मी?"

"नाही, माझी सासू. तिलाच विचारणार होतो, पण ती वारली."

"मिस्टर हॉइट, मला सुरुवात..."

"मानवत नाही. ऐकलंय वीस वर्षं. गाडी या वर्षी घोड्यासारखी आहे. जिंकलास तर फळीवर तुझं नाव लागेल, गार्लंड. नको असेल तर सांग, मागणारे पुष्कळ आहेत."

"बदलीला कोण?"

"वेंडेल प्रॉप्स्ट."

वेंडेल लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक चालवायचा. पस्तिशीचा, कमी बोलणारा. गेली चार-पाच वर्षं तोही भिंतीवर बसायचा, गार्लंडच्या शेजारी. दोघं एकाच पुड्यातली खारी बिस्किटं खायचे. भुईमुगाच्या शेंगा नाही, कारण शेंगा तिथे आणल्या की अपघात होतो असं सगळेच मानतात.

त्या आठवड्यात गार्लंड झोपला नाही म्हटलं तरी चालेल. घराभोवती चकरा मारायचा, कुंपणाचा खांब हलवून बघायचा, पुन्हा घरात यायचा. व्हर्लीन एकदा म्हणाली, "तुला एवढं हवंय तरी काय? नाव?"

"नाव नाही."

"मग?"

"माझी गाडी मी चालवली, एवढं."

"गाडी लॅकीची आहे."

तो पुन्हा कुंपणाकडे गेला.

शनिवारी झेंडा हलला तेव्हा त्याच्या हातांना मुंग्या आल्याच. पण गाडी खरोखर घोड्यासारखी होती. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, आणि हळूहळू त्याला विसर पडला की आपण सुरुवातीपासून आत आहोत. शंभर फेऱ्या झाल्या तेव्हा तो दुसरा होता. पुढे फक्त एक निळी गाडी, आणि तिचे मागचे टायर झिजलेले त्याला दिसत होते.

मग धूर चढायला लागला. आधी तोंडात पितळेची चव. मग बाकांवरची माणसं एकमेकांत मिसळायला लागली. त्याला ही लक्षणं पाठ होती, पण इतकी वर्षं त्याने ती भिंतीवरून बघितली होती, दुसऱ्यांच्या मानेवर, दुसऱ्यांच्या हातांवर. कुठल्यातरी वळणावर दोन गाड्या आपटल्या, वेग कमी करा म्हणून पिवळा झेंडा निघाला, आणि सगळे टायर-पेट्रोलला आत वळले. तोही वळला.

गाडी थांबायच्या आधीच हॉइट खिडकीशी होता. "उतर."

"ठीक आहे मी."

"थोबाड आरशात बघ. पांढराफटक पडलायस. उतर, वेंडेल घेतो."

गार्लंडने मान वळवली. वेंडेलने हेल्मेटचा पट्टा आवळला होता आणि एक पाय भिंतीच्या अलीकडे टाकला होता. त्या पायाकडे गार्लंड बघत राहिला. बुटाचं टोक जमिनीवर थरथरत होतं. भीतीने नव्हे.

"निळ्याचे टायर संपलेत," हॉइट खिडकीत वाकून ओरडला. "वेंडेल वीस फेऱ्यांत त्याला खातो. अरे मूर्खा, फळीवर नाव तुझंच लागणार आहे. तुझंच."

हे त्यालाही माहीत होतं. डोळ्यांपुढे राखाडी ठिपके नाचत होते. उतरणं सोपं होतं. पाय बाहेर टाकायचे, कुणीतरी काखेत हात घालून ओढून घेईल, डोक्यावर पाणी ओतेल. मग भिंतीवर बसायचं आणि बघायचं. वेंडेल जिंकेल, आणि फळीवर काळ्या अक्षरांत गार्लंड स्टेमी.

त्याने गिअर टाकला. कुणाच्यातरी हातातला पाण्याचा जग टपावर आपटून फुटला.

पुढचं त्याला तुकड्यातुकड्यांत आठवतं. निळी गाडी जवळ आली, मग लांब गेली. मग त्याच्या बाजूने एकेक गाडी पुढे जायला लागली, आणि प्रत्येक वेळी त्याला वाटे की ही शेवटची. कोपर खिडकीत टेकवून त्याने स्टिअरिंग धरून ठेवलं. शेवटचा झेंडा हलला तेव्हा तो आठवा होता. गाडी थांबली तेव्हा तिघांनी मिळून त्याला खिडकीतून बाहेर ओढलं आणि तो गुडघ्यांवर बसून ओकला. त्याचं कपाळ धरून ठेवणारा हात वेंडेलचा होता.

"सहा गाड्या पुढे गेल्या तुझ्या," वेंडेल म्हणाला.

"माहीत आहे."

"मी नसत्या जाऊ दिल्या."

"तेही माहीत आहे."

वेंडेलने रुमाल त्याच्या हातात दिला. "मी तुझं नाव काही खाणार नव्हतो, गार्लंड," तो म्हणाला आणि हेल्मेट काखेत मारून निघून गेला. त्याचा सुटलेला पट्टा मागे लोंबत होता.

घरी जाताना गाडी व्हर्लीनने चालवली. गार्लंड काच खाली करायचा, वर करायचा.

"उतरायचं होतंस," ती म्हणाली. "लॅकी म्हणत होता, नक्की जिंकला असतास."

"हो. चालवली वेंडेलने असती, आणि जिंकलो मी असतो."

"तेच म्हणतेय मी."

"मी तेच म्हणत नाहीये." त्याने काच पुन्हा खाली केली. "एवढी वर्षं मी ब्यूरनला शिव्या घातल्या. पण तो दरवेळी उतरला, व्हर्लीन. एकदाही आत बसून राहिला नाही. भिंतीवरच्या माणसाला आत येऊ दिलं नाही, असं कोल्ड फोर्डात कुणी केलेलं मला आठवत नाही. ते मी केलं." मग तो म्हणाला, "टीगच्या घराकडे घे."

ब्यूरन टीग ओसरीवर हात गळ्यात बांधून रेडिओ ऐकत होता. गार्लंडला बघून त्याने रेडिओ बंद केला नाही, फक्त आवाज कमी केला.

"ऐकलं मी. आठवा," तो म्हणाला. "खुर्ची घे."

"उभाच बरा आहे. ब्यूरन, तू उतरायचास तेव्हा मनात काय असायचं?"

"ओकारी. दुसरं काय असणार?"

"आणि नंतर?"

ब्यूरनने खाली बघितलं. "नंतर तुझ्या जागेवर बसून बघायचो. माझीच गाडी, आणि माझ्या हातात कधी पळाली नाही अशी पळायची. फळी लागल्यावर मी फाटकाने येणंच सोडलं. मागच्या बाजूने यायचो, जुन्या तबेल्यांच्या वाटेने."

"मला वाटायचं तुला मिजास आलीय."

"वाटू दे म्हटलं. सोपं होतं ते."

रेडिओवर कुणीतरी पिकांचे भाव सांगत होतं. गार्लंड एक पायरी उतरला, पुन्हा चढला.

"वेंडेलला काय सांगू मी?"

"मला विचारतोस? मी तुला कधी काही सांगितलं होतं का?"

"नाही."

"मग," ब्यूरन म्हणाला, आणि त्याने मोकळा हात हलवला.

गार्लंड गाडीकडे परतला. व्हर्लीनने इंजिन बंद केलं नव्हतं.

"घरी?" तिने विचारलं.

"प्रॉप्स्टकडे."

"एवढ्यात तो घरी कुठला जायला. मैदानातच असेल अजून."

"मग मैदानात."

"तिथे सगळे असतील, गार्लंड. लॅकी असेल. काय बोलणार आहेस त्या सगळ्यांसमोर?"

"ते मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "तू चल."