चढाईपटूचे मनगट

नोकरीतली पुष्कळ प्रकरणे एव्हाना धूसर झाली. हे एक मात्र अजून लख्ख आहे.

ऐंशीचे दशक सरत आले होते. ठाणे शहरातल्या, खाडीकाठची गावे हद्दीत येणाऱ्या एका पोलीस ठाण्यात मी उपनिरीक्षक होते. सकाळची हजेरी आटोपत असताना एका गावच्या कबड्डी संघाचा कारभारी आत आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि दाट अत्तर.

"मॅडम, आमच्या पोराचा हात मोडलाय त्याच्या काकानं. कुमार गटाचा चढाईपटू हाय. आत टाका त्याला."

मुलगा सोळा वर्षांचा, आईबापाविना. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात लेथ चालवणाऱ्या काकाने त्याला वाढवले होते. काका तापट, हे हवालदारालाही ठाऊक होते. गंभीर दुखापतीचा गुन्हा नोंदला की अटक, मागोमाग नोकरी जाणार. आणि मुलाला दुसरे घर नव्हते.

मी आधी इस्पितळ गाठले. मुलगा भिंतीकडे पाहत म्हणाला, "मना काकान मारला. दांडक्यान." वाक्य पाठ केलेले होते. खोटे सांगणारे मूल शब्द बदलत नाही. तीनदा विचारले, तीनदा तेच. पण त्याच्या तळव्यावर खरचटलेले होते, कातडीत बारीक रेती रुतली होती, आणि आयोडिनच्या वासाखालून एक आंबूस, हातभट्टीतल्या नवसागरासारखा दर्प येत होता.

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. "काठी चुकवताना माणूस हात आडवा धरतो, मोडते ते बहुधा मधले हाड. हे मनगटापाशी मोडले आहे. हा तळव्यावर पडलाय. खांद्याजवळही जुन्या मोडाची गाठ लागते. आणि हाडे वयाच्या मानाने विरळ दिसतात. हा खातो तरी काय?"

तोच प्रश्न मी ठाण्यात बसवलेल्या काकाला विचारला.

"मारलाय मी त्याला आधी, मॅडम, खोटं कशाला बोलू? पन काल नाय. काल तो घरी आलाच नाय जेवायला. सामने आले का ताटाला शिवत नाय. वजन चढतं म्हनतो."

कुमार गटाला वजनाची मर्यादा असते. धागा हाती लागला. मी पुन्हा मुलाच्या खाटेपाशी बसले.

"काट्यावर उभं राहण्याआधी उपाशी राहतोस. मग सामना झाल्यावर?"

तो हळूच म्हणाला, "कारभाऱ्याच्या शेडमदी बसतो. भातान वजन चढतं, दारून नाय चढत. तो बोलतो, हाड दगडासारखा होतो. जो आधी उठंल त्याला बांगड्या भरतात."

"आणि काल?"

"निघताना पायरीवरशी परलो. एकच पायरी."

"मग काकाचं नाव का घेतलंस?"

"जिल्ह्याची निवड हाय, मॅडम. शेड बंद झाली तं संघ बंद."

"आणि काका आत गेला, तर?"

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिले. "लिवा," म्हणाला. "काकान नाय मारला."

डॉक्टरांनी नंतर मला समजावले: या वयात हाड नुसते लांब होत नाही, आतून भरत असते. त्याच वर्षांत रिकाम्या पोटी बेसुमार पिणे म्हणजे ती भरणी रोखणे. राहिलेली कसर पुढे पुरती निघेलच, असे नाही.

दुपारी पंचांना घेऊन शेडवर छापा घातला. फळीवर जिंकलेल्या ढाली, खाली हातभट्टीने तट्ट फुगलेल्या रबरी ट्यूब. दारूबंदी कायद्याखाली पंचनामा सुरू झाला, तेव्हा कारभारी दुखावल्या स्वरात म्हणाला, "पोरांना कधी बोट नाय लावलं मी, मॅडम. जीव लावलाय." त्याला ते मनापासून वाटत होते, याविषयी मला शंका नाही.

संध्याकाळी काकाला सोडले. तो थेट इस्पितळात गेला. मुलाचा जबाब पुरा करायला मी तिथेच होते.

"निवड गेली माझी," मुलगा म्हणाला.

"जाऊ दे. आधी जेव." काकाने डबा उघडला. मच्छीच्या कालवणाचा आणि भाताचा वाफाळता वास खोलीभर पसरला. मुलाचा उजवा हात बांधलेला. काकाने घास कालवून त्याच्या तोंडाशी धरला, आणि त्याने तोंड उघडले.

दुखापतीच्या तपासात आम्ही मारणारा हात शोधतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यानंतर अल्पवयीन मुलांच्या प्रत्येक प्रकरणात मी आणखी एक प्रश्न ठरवून विचारत आले: याला लाडाने कोण काय पाजते? त्याचे उत्तर मिळायला नेहमीच जास्त वेळ लागला. कारण त्या माणसाला मूल स्वतःच पाठीशी घालत असते.