डॉक्टरांचे ट्रॅकचे ब्रेक

दातांच्या डॉक्टरांनी पंचेचाळिशी उलटल्यावर जमिनीला पोट टेकवून पळणारी लाल गाडी घेतली, तेव्हा त्यांच्या बायकोने एकच प्रश्न विचारला होता, "मागे माणूस बसतो का?"

"बसतो की," डॉक्टर म्हणाले, "पाय घरी ठेवून आला तर."

तोपर्यंत डॉक्टरांचं आयुष्य अगदी सरळ चाललं होतं. हलक्या हाताचे म्हणून त्यांचं नाव होतं. सुई टोचण्याआधी ते रोग्याची इतकी समजूत काढत, की निम्मी माणसं कंटाळूनच बधिर होत. जिना उतरताना कठडा धरणारा, दूध उतू जाईल म्हणून गॅसपाशी उभा राहणारा हा माणूस. पण महिन्यातल्या एका रविवारी गावाबाहेरच्या रेस ट्रॅकवर हेल्मेट डोक्यावर चढलं, की त्यांच्या अंगात वारं शिरायचं.

पहिल्याच खेपेला त्यांनी गाडीचे मूळचे ब्रेक पॅड इतके तापवले, की थोड्याच फेऱ्यांत पेडल लोण्यात पाय घातल्यासारखं खाली गेलं आणि डॉक्टर वळणाऐवजी गवतात पोचले. घरी येऊन त्यांनी हे असं सांगितलं, जणू आगाऊपणा गवतानेच केला होता.

"साधे पॅड फार तापले की हात टेकतात. ट्रॅकचे वेगळे असतात. ते तापल्यावरच धरतात."

"आणि तापले नाहीत तर?" बायकोने विचारलं.

"तर काय, तापवायचे!"

ट्रॅकवरच्या जुन्या मंडळींची एक रीत होती. सकाळी तिथे पोचल्यावर ट्रॅकचे पॅड चढवायचे आणि संध्याकाळी ते काढून, रस्त्याचे लावूनच घरी निघायचं. डॉक्टरांनी सुरुवातीला ती पाळली. मग त्यांचे गुडघे दुखायला लागले. शिवाय त्या पॅडचा आवाज त्यांना आवडायला लागला, आणि ट्रॅकचे पॅड गाडीला कायमचेच राहिले. ब्रेक दाबला की चाकांतून अशी किंचाळी निघे, की गल्लीतली माणसं गॅलरीत येत. डॉक्टरांना वाटे, कौतुकाने येतात. दवाखान्यात वाट बघणारे रोगी मात्र, आत कुणाची तरी दाढ कोरायला घेतली असं समजून, हळूच पाय काढता घेत.

पॅड किती झिजले हे ते हिरड्यांची खोली मोजायच्या सळईने बघत. चाकाच्या फटीतून सळई आत घालायची, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "अजून पुष्कळ माल आहे." ती सळई पुढे कुठे जाते, हे बायकोने विचारलं नाही. तिने फक्त स्वतःचे दात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला सुरुवात केली.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्यांच्या मुलीला, छोटीला, रोज सकाळी शाळेत तेच सोडत. शाळा उताराच्या पायथ्याशी, फाटकासमोर पोरांची झुंबड, आणि घरापासून तिथवर ब्रेक तापावेत एवढा रस्ताच नव्हता. एकदा बायकोही बरोबर गेली, मागे, गुडघे हनुवटीला टेकवून. फाटकाशी गाडी थांबायला हवी होती तिथे थांबलीच नाही. डॉक्टर दातओठ खाऊन पेडल दाबत होते, गाडी किंचाळत पुढे सरकत होती. दोन पोरांनी बाजूला उड्या मारल्या.

"काय ही पोरं! रस्त्यावर कसं चालावं ते कळत नाही," डॉक्टर म्हणाले.

त्या दिवसापासून छोटी घरातून निघाली, की ती पोचल्याचं कळेपर्यंत बायकोच्या हाताला काम सुचेना.

"अहो, ते पॅड बदला."

"चाकातल्या डिस्कशी जुळून आलेत ते. सारखी काढघाल करायची नसते. तुला त्यातलं कळत नाही."

"मग मी सोडते तिला."

"तुझ्या त्या खटाऱ्यातून? मुलीला काय वाटेल?"

"काही वाटायला ती जागेवर राहू दे म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर किल्ली फिरवत खाली आले, तर दवाखान्याची एक प्लॅस्टिकची खुर्ची घरामागच्या मोकळ्या जागेत मधोमध ठेवलेली. खुर्चीवर छोटीचं दप्तर, आणि शेजारी कमरेवर हात ठेवून बायको.

"ही छोटी. उतार संपला, फाटक आलं. हिच्या अलीकडे थांबवून दाखवा."

"अगं, चाचणी अशी नसते घेत! आधी चार फेऱ्या मारून..."

"पोरांना सांगू का, डॉक्टरांचे तापताहेत, तोवर थांबा म्हणून?"

डॉक्टर चिडून गाडीत बसले. उतारावर असतो तेवढाच वेग घेतला आणि ब्रेक दाबला. किंचाळी निघाली, गॅलऱ्या भरल्या, आणि गाडीने कसलीही घाई न करता खुर्ची पाडली, दप्तर फरफटत नेलं आणि पुढचं चाक त्यावर चढवूनच ती थांबली. आत कंपासपेटी कडकन मोडली.

छोटी दोनपैकी एकच वेणी घालून झालेली अशी दारात उभी होती. ती चालत आली आणि दप्तराचा पट्टा ओढायला लागली. तो निघेना.

"थंड होते गं ते," डॉक्टर काच खाली करून म्हणाले. "गरम असते ना, तर..."

"बाबा, गाडी मागे घे. माझं दप्तर आहे खाली."

डॉक्टरांनी गाडी मागे घेतली. छोटीने दप्तर झटकलं, त्यांच्याकडे न बघता आईच्या खटाऱ्यात जाऊन बसली. त्या दिवशी दवाखाना उशिरा उघडला. डॉक्टर चाकापाशी फतकल मारून रस्त्याचे पॅड बसवत होते आणि गॅलरीतून कुणी काही विचारलं तर ऐकू न आल्यासारखं करत होते.

पुढच्या ट्रॅकच्या रविवारी बायको मुद्दाम बरोबर गेली. तिथे डॉक्टर एका नवख्या वकिलांना समजावत होते, "हे पॅड लावून घरी जायचं नाही. मी स्वतः चाचणी घेतलीय, दप्तर ठेवून."

"दप्तर ठेवून?" वकील थक्क झाले. "वा! असं सुचलं कसं तुम्हाला?"

"डोकं वापरावं लागतं," डॉक्टर म्हणाले.

बायकोने ते श्रेय त्यांना खुशाल घेऊ दिलं. संध्याकाळी मात्र चारही चाकांना रस्त्याचे पॅड लागून डॉक्टर गुडघे चोळत उठेपर्यंत ती जॅकशेजारून हलली नाही. आणि छोटीला शाळेत तिने अजूनही त्यांच्याबरोबर पाठवलेलं नाही.